होम थिएटर घेताय? डबे मोजू नका, आधी टीव्हीची मागची बाजू बघा

जुन्नर : टोमॅटो-कांद्याचे चार पैसे हातात आले की घरात आधी मोठा टीव्ही येतो. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ४३ इंची टीव्ही आणखी आवाक्यात आला. भिंतीवर चित्र थिएटरसारखं दिसतं, आवाज मात्र डब्यातून बोलल्यासारखा येतो. गाणं लागलं की कानठळ्या, आणि माणसं बोलायला लागली की काहीच कळत नाही. रिमोट हातातून सुटत नाही.

मग नारायणगाव, आळेफाटा, ओतूर नाहीतर मंचरला जाऊन ‘होम थिएटर’ आणायचं ठरतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ५.१ लिहिलेलं असतं, हजारो वॅटचा आकडा असतो, रंगीत लाइट असते. घरी आणून जोडलं की आवाज वाढतो खरा, पण पाचही स्पीकरमधून एकच आवाज येतो आणि बोलणं तरीही कळत नाही. पाच-सात हजार रुपये गेलेले असतात.

हे टाळता येतं. त्यासाठी दुकानात जाण्याआधी काय बघायचं, दुकानात काय विचारायचं आणि घरी कसं बसवायचं, याची ही सविस्तर माहिती.

आधी फुकटचा उपाय करून बघा

आजचे टीव्ही पातळ असतात. आत मोठा स्पीकर बसवायला जागाच नसते. जे छोटे स्पीकर असतात, त्यांचं तोंड बहुतेक वेळा खाली किंवा मागे असतं. आवाज भिंतीला आपटून आपल्यापर्यंत येतो, म्हणून बोलणं अस्पष्ट वाटतं.

खर्च करण्याआधी दोन गोष्टी करा.

- टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘साउंड’ उघडा. तिथे ‘क्लिअर व्हॉइस’, ‘न्यूज’ किंवा ‘स्पीच’ अशा नावाचा पर्याय असतो. तो लावा. ‘बेस’ थोडा कमी करा. बोलणं लगेच मोकळं होतं.
- मोबाईल किंवा स्मार्ट टीव्हीवरच्या ॲपमध्ये पिक्चर बघताना ‘ऑडिओ’ पर्यायात ‘५.१’ निवडलेलं असेल आणि टीव्हीला वेगळे स्पीकर जोडलेले नसतील, तर साधा ऑडिओ निवडा. सहा वाटांचा आवाज दोन छोट्या स्पीकरमध्ये कोंबला की संवाद खाली दबतात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बातम्या आणि मालिका ऐकू येत नाहीत एवढीच अडचण असेल, तर बऱ्याच घरांत एवढ्यावर काम भागतं. तरीही ऐकू येत नसेल तर एकदा कान तपासून घ्यावेत. कमी ऐकू येणाऱ्याला मोठा वूफर आणून दिला तर त्रासच वाढतो, कारण धडधड वाढते आणि शब्द आणखी दबतात.

५.१ म्हणजे नक्की काय?

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. कनातीत बसलेल्या माणसाला डोळे मिटले तरी ढोलकी कुठल्या बाजूला आहे, गाणारी कुठे उभी आहे आणि शिट्टी मागून आली की बाजूने, हे कळतं. कारण आवाज खरोखर त्या त्या ठिकाणाहून येतो. सराउंड साउंड म्हणजे हीच गोष्ट घरात करण्याचा प्रयत्न.

५.१ मधला ‘५’ म्हणजे पाच स्पीकर :

- समोर डावा आणि समोर उजवा : गाणी, संगीत, एका बाजूने दुसरीकडे जाणारी गाडी.
- समोर मधला, म्हणजे सेंटर : माणसांचं बोलणं. पिक्चरमधले बहुतेक संवाद इथूनच येतात.
- मागचे दोन : पाऊस, गर्दी, मागून आलेली चाहूल.

‘.१’ म्हणजे वूफर. ढोल, स्फोट, ढगांचा गडगडाट असे फक्त जाड आवाज तो काढतो.

थिएटरमध्ये या सहा वाटा वेगवेगळ्या साठवून वाजवणारी ‘डॉल्बी डिजिटल’ ही पद्धत १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या इंग्रजी पिक्चरपासून सुरू झाली. नंतर ती डीव्हीडीवर आली, आता ओटीटी ॲपवर आहे.

म्हणजे पाच स्पीकर असणं महत्त्वाचं नाही, पाच स्पीकरमधून पाच वेगळे आवाज येणं महत्त्वाचं आहे. सगळी फसगत इथेच होते.

तीन गोष्टी जुळल्या तरच खरा सराउंड

कुकडी प्रकल्पाचं पाणी शेतात यायचं तर धरणात पाणी हवं, कालवा चालू हवा आणि चारी नीट हवी. तिन्हीतलं एक नसेल तर वाफा कोरडाच राहतो. इथेही तसंच आहे.

१) मूळ आवाज (धरण) : तुम्ही जे बघताय त्यातच सहा वाटांचा आवाज आहे का?

- डीडी फ्री डिशवर आवाज साधा, म्हणजे डावा-उजवा दोनच वाटांचा असतो.
- यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओही दोनच वाटांचे. ‘५.१ टेस्ट’ असं नाव दिलेले पुष्कळ व्हिडिओसुद्धा.
- पैसे भरून घेतलेल्या डीटीएचवर काही एचडी चॅनेलचा आवाज डॉल्बीत असतो.
- ओटीटी ॲपवर बऱ्याच मोठ्या पिक्चरना खरा ५.१ असतो. पिक्चरच्या नावाखाली ‘५.१’ किंवा डॉल्बीची खूण दिसते. स्वस्त प्लॅनवर काय मिळतं, ते ॲपच्या प्लॅनच्या यादीत आधी वाचा.

२) वायर (कालवा) : टीव्हीतून तो आवाज सहा वाटांसकट बाहेर पडतोय का?

३) डिकोडर (चारी) : स्पीकरच्या डब्यात तो आवाज वेगळा करून प्रत्येक स्पीकरला वाटून देणारी यंत्रणा आहे का? खोक्यावर आणि डब्यावर ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डॉल्बी ऑडिओ’ लिहिलेलं असेल तर ती असते. नुसतं ‘५.१ चॅनेल’ लिहिलेलं असेल तर ती असेलच असं नाही.

जिथे फक्त फ्री डिश आणि यूट्यूब चालतं, त्या घरात मागचे दोन स्पीकर हा खर्च वाया आहे. तेच पैसे समोरच्या चांगल्या आवाजात घालावेत.

टीव्हीच्या मागे काय बघायचं?

दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मागच्या आणि बाजूच्या सगळ्या पिनांचा मोबाईलवर फोटो काढा. मॉडेल नंबरची पट्टीही फोटोत घ्या. दुकानदाराला तोंडी सांगण्यापेक्षा फोटो दाखवणं बरं.

एचडीएमआय एआरसी : चपटी एचडीएमआय पिन, जिच्या शेजारी इंग्रजीत एआरसी किंवा ईएआरसी ही अक्षरं असतात. सगळ्याच एचडीएमआय पिना एआरसी नसतात, बहुतेक टीव्हीत एकच असते. हिच्यातून ५.१ आवाज जातो आणि टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. ही पिन असेल तर तिलाच चालेल अशी सिस्टीम घ्या.

ऑप्टिकल : छोटी चौकोनी पिन, झाकण उघडलं की आत लाल उजेड दिसतो. हिच्यातूनही डॉल्बी डिजिटल ५.१ जातं. एआरसी नसलेल्या टीव्हीला हा चांगला पर्याय. वायर मात्र जास्त वाकवू नका, आतली तार काचेसारखी मोडते.

लाल-पांढरी पिन किंवा हेडफोनची पिन : फक्त दोन वाटांचा आवाज. यावर कितीही स्पीकर लावले तरी खरा ५.१ मिळत नाही.

ब्लूटूथ : वायरची कटकट नाही, पण आवाज दोनच वाटांचा. शिवाय ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, असा त्रास बऱ्याचदा होतो. मोबाईलवरची भजनं, गाणी ऐकायला ब्लूटूथ उत्तम. पिक्चरला वायरच हवी.

सेट टॉप बॉक्सलाही मागे पिना असतात. टीव्हीला नुसती लाल-पांढरी पिन असेल आणि बॉक्सला ऑप्टिकल असेल, तर बॉक्समधून थेट सिस्टीमला वायर नेता येते.

बाजारात काय काय मिळतं?

खालच्या किमती ढोबळ आहेत. सणासुदीला आणि ऑनलाइन सेलमध्ये त्या खाली येतात.

१) छोटा साउंडबार, वूफर नाही (साधारण १,५०० ते ४,००० रुपये)
टीव्हीखाली ठेवायची एक पट्टी. बातम्या, मालिका, कीर्तन यासाठी पुरेसा. बोलणं टीव्हीपेक्षा पुष्कळ स्वच्छ येतं. लहान खोलीला आणि म्हाताऱ्या माणसांच्या घराला हाच बरा.

२) साउंडबार आणि वूफर, म्हणजे २.१ (साधारण ४,००० ते ९,००० रुपये)
गाणी आणि पिक्चरला भरदार आवाज. मागे वायर न्यावी लागत नाही. एआरसी असलेला घ्यावा. ज्यांच्या घरी थोडं फ्री डिश, थोडं यूट्यूब आणि आठवड्यातून एखादा पिक्चर बघितला जातो, त्यांच्यासाठी या पैशात हा सगळ्यात सरळ सौदा आहे.

३) ‘५.१ मल्टिमीडिया’ स्पीकर (साधारण ३,००० ते ८,००० रुपये)
एक मोठा वूफर, पाच छोटे डबे, यूएसबी, एफएम, ब्लूटूथ, लाइट. आपल्याकडच्या दुकानांत समोर मांडलेला असतो तो हाच. यातल्या बहुतेकांत डिकोडर नसतो. टीव्हीतून आलेला दोन वाटांचा आवाजच पाच डब्यांत वाटला जातो, सेंटरमधूनही गाणंच वाजतं. घरातल्या कार्यक्रमाला, गणपतीला गाणी लावायला हा चालतो. ‘थिएटर’ म्हणून घेतला तर निराशा होते.

४) डॉल्बी असलेला खरा ५.१ (साधारण १०,००० ते २०,००० रुपये)
समोर साउंडबार, त्यातच सेंटर, एक वूफर आणि मागे दोन वायरचे स्पीकर. एआरसी आणि ऑप्टिकल दोन्ही असतात. सोनीचा एचटी-एस२०आर हा या प्रकारातला बराच खपलेला मॉडेल. दुसऱ्या कंपन्यांचेही असे सेट आहेत. पण घेताना ‘डॉल्बी’, ‘एआरसी’ आणि ‘मागचे स्पीकर खोक्यात आहेत’ या तिन्ही गोष्टी बघा. काही साउंडबारवर ‘सराउंड’ लिहिलेलं असतं, पण मागचे स्पीकर वेगळे विकत घ्यावे लागतात.

५) रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर
याचा खर्च वरच्या सगळ्यांपेक्षा बराच जास्त. एकेक स्पीकर बदलता येतो, दुरुस्ती सोपी, वर्षानुवर्षं टिकतो. पण बजेटमधली ही गोष्ट नाही. पुण्यात जुना रिसीव्हर स्वस्तात मिळतो, पण त्याला एचडीएमआय एआरसी आहे का आणि सगळे चॅनेल वाजतात का, हे समोर बसून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘ॲटमॉस’ हा शब्दही आता स्वस्त साउंडबारवर दिसतो. ॲटमॉसमध्ये आवाज डोक्यावरूनही येतो, त्यासाठी वर तोंड केलेले किंवा छताचे स्पीकर लागतात. तसे स्पीकर नसलेल्या पट्टीवर फक्त नाव असतं, अनुभव जवळपास साध्या साउंडबारचाच. त्या नावासाठी दोन-तीन हजार जास्त देऊ नका.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर ५,०००, १०,००० वॅट असे आकडे दिसले तर शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ लिहिलंय का बघा. हा क्षणभराचा, कागदावरचा आकडा असतो. त्याला काही अर्थ नाही. बघायचा आकडा ‘आरएमएस’. सतत किती ताकदीने वाजेल ते तो सांगतो.

डब्याच्या मागे विजेची पट्टी असते. तिच्यावर किती वॅट वीज लागते ते लिहिलेलं असतं. ही पट्टी पूर्ण आवाजाचा खप सांगतेच असं नाही, पण ४०-५० वॅट वीज ओढणारा डबा हजारो वॅटचा आवाज सतत काढूच शकत नाही, हे कोणालाही कळेल. साडेसात एचपीच्या मोटारीला किती जाड वायर लागते ते शेतकऱ्याला माहीत आहे. ती मोटार साडेपाच हजार वॅटच्या आसपास असते. टीव्हीखालच्या डब्याची वायर तेवढी जाड असते का?

दुसरं, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक कळतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत रोज टीव्ही बघताना प्रत्यक्षात मोजकेच वॅट वापरले जातात. म्हणून १०० वॅट आणि १५० वॅट यात वाद घालण्यापेक्षा बोलणं कुठल्यात स्वच्छ येतं ते ऐका.

घर कसं आहे, त्यावर आवाज ठरतो

पत्र्याचं घर : वूफरच्या धडधडीने पत्रा, खिडकीची तावदानं आणि भांड्यांची मांडणी खडखडते. मोठा वूफर घेऊ नका, घेतलाच तर भिंतीपासून हातभर पुढे ठेवा आणि खाली जाड रबर किंवा जुन्या टायरचा तुकडा घाला. पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात पत्र्यावरच्या पावसापुढे कुठलाही स्पीकर कमीच पडतो, त्याला इलाज नाही.

स्लॅबचं, फरशी बसवलेलं नवं घर : खोली मोकळी असेल तर आवाज घुमतो. टाळी वाजवून बघा. टाळीचा आवाज लांबत असेल तर महागडी सिस्टीमही गोंगाट करील. उपाय स्वस्त आहे. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा, समोरच्या भिंतीला कापडी काहीतरी, सोफा नसेल तर गाद्या-गोधड्यांची चवड. पाचशे रुपयांच्या पडद्याने जो फरक पडतो तो कधी कधी पाच हजारांच्या स्पीकरने पडत नाही.

जुनं मातीच्या भिंतीचं, कौलारू घर : आवाजाला सगळ्यात चांगलं. माती आणि लाकूड घुमू देत नाही. वायर मात्र वरच्या वाशांवरून नेऊ नका, उंदीर कुरतडतात. प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीतून भिंतीने न्या.

कुठे काय ठेवायचं?

- साउंडबार किंवा सेंटर टीव्हीच्या बरोबर खाली, काठाला लागून. कपाटाच्या खणात आत ढकलू नका.
- समोरचे डावा-उजवा स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर.
- मागचे दोन, बसणाऱ्याच्या खांद्यांच्या बाजूला थोडे मागे, कानाच्या उंचीला किंवा त्याहून फूट-दीड फूट वर.
- पलंग किंवा सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर मागचे स्पीकर बाजूच्या भिंतींवर लावा.
- वूफर कोपऱ्यात ठेवला की धडधड वाढते. जास्त वाटली तर कोपऱ्यातून बाहेर काढा.

घरात मागचे स्पीकर लावायला जागा नसेल, एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला माजघराची वाट असेल, तर ५.१ घेऊच नका. दोन्ही मागचे डबे टीव्हीशेजारी मांडून ठेवलेले बऱ्याच घरांत दिसतात. ते पैसे वाया गेलेले असतात.

जोडल्यावर सेटिंग विसरू नका

खरा ५.१ आणूनही पुष्कळांना तो ऐकूच येत नाही, कारण टीव्हीचं सेटिंग जुनंच राहतं.

१. एआरसी लिहिलेल्या पिनेतूनच वायर जोडा. साउंडबारवरही ‘टीव्ही’ किंवा एआरसी लिहिलेली पिन वेगळी असते.
२. टीव्हीत ‘साउंड आउटपुट’ मध्ये टीव्ही स्पीकरऐवजी एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल निवडा.
३. ‘एचडीएमआय सीईसी’ चालू करा. कंपनीनुसार याचं नाव वेगळं असतं.
४. ‘डिजिटल ऑडिओ’ मध्ये ‘पीसीएम’ असेल तर ते बदलून ‘ऑटो’, ‘डॉल्बी’ किंवा ‘पासथ्रू’ करा. एआरसी आणि ऑप्टिकलवर पीसीएम ठेवलं तर दोनच वाटांचा आवाज जातो.
५. पिक्चरच्या ऑडिओत ५.१ निवडा. सिस्टीमच्या डिस्प्लेवर किंवा दिव्यावर ‘डॉल्बी’ दिसलं की समजा पाणी शेतात पोचलं.

बोलणं अजूनही दबलेलं वाटलं तर वूफरचा आवाज कमी करा आणि सेंटरचा एक-दोन घर वाढवा.

वीज : मळ्यातल्या वस्तीवर जास्त काळजी

गावठाणात आणि मळ्यात विजेची तऱ्हा वेगळी. मळ्यात थ्री फेज आली आणि आजूबाजूच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खाली जातं, बंद झाल्या की उसळतं. लाइट येताना बसणारा झटका सर्वात वाईट.

- डब्याच्या मागच्या पट्टीवर ‘१००-२४० व्ही’ लिहिलेलं असेल तर कमी व्होल्टेजवर चालतो. ‘२२०-२४० व्ही’ असेल तर मळ्यात टीव्ही-सिस्टीमला मिळून स्टॅबिलायझर लावा.
- लाइट गेली की बटण बंद करा, आल्यावर पाच मिनिटांनी चालू करा.
- स्पीकरमधून सतत ‘हूँ’ असा आवाज येत असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या. साध्या इन्व्हर्टरवरही असा आवाज येतो.
- वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. एचडीएमआय वायरने टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार एकमेकांना बांधलेले असतात, एकाला झटका बसला की तिन्ही जातात.

रात्रीचा आवाज, शेजारी आणि बिबट्या

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. घरातल्या साउंड सिस्टीमचा आवाज आपल्या हद्दीच्या कडेला या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. वूफरचा जाड आवाज भिंतीतून आरपार जातो, म्हणून शेजाऱ्याला गाणं नाही, नुसती धडधड ऐकू जाते. परीक्षेच्या दिवसांत याच्यावरून भांडणं होतात.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके बिबट्याच्या वावराचे. उसाला लागून असलेल्या वस्तीवर रात्री कुत्रं भुंकलं, गोठ्यात जनावर बुजलं, शेळ्या ओरडल्या, तर तीच पहिली सूचना असते. दार लावून, पाच स्पीकर मोठ्याने लावून पिक्चर बघत बसलं तर ती सूचना ऐकूच येत नाही. अंगणात एखादं लेकरू असेल तर त्याची हाकही नाही.

म्हणून अंधार पडल्यावर आवाज एवढाच ठेवा की बाहेरचं कुत्रं भुंकलेलं आत ऐकू येईल. बहुतेक सिस्टीममध्ये ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि बोलणं वर आणतो. रात्री तो लावायची सवय ठेवा.

दुकानात काय विचारायचं?

खोक्याकडे बघण्याआधी सरळ विचारा :

- “शेठ, यात डॉल्बीचा डिकोडर आहे का? कुठे लिहिलंय ते दाखवा.”
- “हा माझ्या टीव्हीच्या मागचा फोटो. यातली कुठली पिन लागणार? ती वायर खोक्यात आहे का?”
- “आरएमएस किती? पीएमपीओ सांगू नका.”
- “मागच्या स्पीकरची वायर किती मीटर? माझी खोली चौदा फुटांची आहे.”
- “वॉरंटी किती, आणि बिघडलं तर सर्व्हिसला कुठे न्यायचं? वस्तू पुण्याला नेऊन देणार कोण?”

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ऑनलाइन हजार रुपये स्वस्त मिळालं आणि दुरुस्तीला दोनदा पुण्याला जावं लागलं, तर एसटीचं भाडं आणि बुडालेले दोन दिवस मिळून ते महागच पडलं.

ऐकून बघताना दुकानदार धडधडीत गाणं लावतो. ते थांबवा. बातम्या किंवा कीर्तन लावायला सांगा. डोळे मिटा. शब्द न् शब्द कळतोय का? मग आवाज निम्म्यावर आणा. कमी आवाजातही शब्द कळले तर माल चांगला. नंतर आवाज पूर्ण वाढवून बघा. फाटला, खरखरला तर ठेवून द्या.

पक्कं बिल घ्याच. त्यावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर असू द्या. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख हवी. ऑनलाइन घेतलं तर खोकं उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, मागचा एखादा स्पीकर कमी निघाला तर तोच पुरावा.

बिघडलेली वस्तू बदलून देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथे मराठीतही तक्रार घेतात. त्यानेही भागलं नाही तर २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती दाखल होते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पण हातात बिल हवं.

थोडक्यात : कुणी काय घ्यावं?

- फक्त बातम्या, मालिका, कीर्तन : आधी टीव्हीचं सेटिंग, नाही भागलं तर छोटा साउंडबार.
- फ्री डिश, यूट्यूब आणि अधूनमधून पिक्चर : वूफर आणि एआरसी असलेला २.१ साउंडबार.
- घरात वायफाय, ओटीटीवर दर आठवड्याला पिक्चर, मागे स्पीकर लावायला जागा : डॉल्बी आणि एआरसीचा खरा ५.१.
- पूजा, वाढदिवस, अंगणात गाणी : ५.१ मल्टिमीडिया चालेल, पण तो थिएटर नाही हे समजून घ्या.
- पत्र्याचं घर, लहान खोली : वूफर छोटाच.
- बजेट कमी पडत असेल तर आत्ता २.१ घ्या, उरलेल्या पैशात जाड पडदा आणि स्टॅबिलायझर घ्या. हलका ५.१ घेण्यापेक्षा हे जास्त दिवस पुरतं.

आणि घरातून निघताना खिशात पैशांबरोबर टीव्हीच्या मागचा फोटोही असू द्या.